पाचोळ्यातली मुंगी ओळखायची कशी, आणि नवी निघाली तर वर्णन लिहायचं कसं: कोयना-चांदोलीच्या रानासाठी

नवजा, वासोटा किंवा चांदोलीकडे फिरून आलेली मंडळी फोनवर काढलेला फोटो पाठवतात आणि विचारतात, "ही कुठली मुंगी?" फोटो चांगला असेल तर वंश सांगता येतो, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द. दुसरा शब्द, म्हणजे प्रजाती, सांगायची तर मुंगी सूक्ष्मदर्शकाखाली हवी, तिच्याच घरातल्या आणखी काही मुंग्या सोबत हव्यात आणि ती नेमकी कुठून उचलली ते लिहिलेलं हवं. या तीन गोष्टी हाताशी असतील तर सातारा-सांगलीतल्या कुठल्याही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला किंवा चिवट हौशी माणसाला पुढचा रस्ता चालता येतो. त्या नसतील तर ती मुंगी कितीही देखणी असो, डबीत पडून राहते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांची १०० वंशांतली ८२८ प्रजाती-उपप्रजातींची नावं आहेत. काम अजून संपलेलं नाही. अरुणाचलातल्या सियांग खोऱ्यात झाडाच्या ढोलीत निळ्या धातूसारखी चमकणारी, दोन मिलीमीटरहून लहान मुंगी सापडली आणि २०२४ मध्ये तिचं 'पॅरापॅराट्रेकिना नीला' असं नामकरण झालं. आपल्याकडची नवी मुंगी मात्र इतकी नटूनथटून समोर येईल असं समजू नका. ती बहुधा तपकिरी असेल, अडीच मिलीमीटरची असेल आणि पाचोळ्याखाली असेल.

आधी कागद

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे किडामुंगीसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ही परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्यासाठी अर्ज करताना संस्था, उद्देश, जागा, काळ आणि किती नमुने घेणार हे स्पष्ट लिहावं लागतं. एकट्यादुकट्याने अर्ज करण्यापेक्षा कराड, सातारा किंवा सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या विभागामार्फत केलेला बरा. उत्तर यायला वेळ लागतो हे धरूनच चाला.

परवानगीची वाट बघत हात बांधून बसायचं कारण नाही. स्वतःच्या मालकीच्या रानात, बांधावर, परसात सराव करता येतो. पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या देवराया मुंग्यांसाठी उत्तम जागा आहेत, पण तिथे आधी गावाला आणि गुरवाला विचारायचं. जमीन वनखात्याची असेल तर त्यांनाही. देवराईतलं वाळकं लाकूडही हलवू नये असा काही गावांचा दंडक असतो. तो पाळायचा. तेवढ्याने काही मुंग्या हुकतात, हुकू द्या.

कुठे बघायचं

आपल्या पश्चिम कडेचं सगळंच रान पुस्तकातलं वर्षावन नाही. बराचसा भाग अर्धसदाहरित आहे, ओढ्यांच्या आणि खोल घळींच्या कडेने सदाहरित पट्टे आहेत, महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचं ठेंगणं पण दाट रान आहे आणि मध्येच उघडे सडे, म्हणजे खडकाळ पठारं. सड्यावरची तापलेली मुंगी आणि शंभर पावलांवरच्या सावलीतली मुंगी वेगळी असू शकते. म्हणून नुसतं 'कोयना' लिहून भागत नाही.

हाताने शोधण्याला पर्याय नाही. दगड उलटा करून बघायचा आणि पुन्हा होता तसा ठेवायचा. कुजकी फांदी पांढऱ्या कापडावर फोडायची. कारवीच्या पोकळ वाळक्या काड्या मोडून पाहायच्या. झाडाच्या फांदीला चिकटलेलं, चघळलेल्या लाकडाचं आणि मातीचं तपकिरी घर दिसलं तर ते क्रेमॅटोगॅस्टर या वंशाचं असण्याची शक्यता मोठी. त्याला हात लावायची गरज नसते, फांदीवरून ये-जा करणाऱ्या मुंग्या पुरतात.

पाचोळ्यातल्या बारीक मुंग्यांसाठी वाळूची चाळण घ्या, साधारण एक सेंटीमीटर जाळीची. एक चौरस मीटर जागेतला पाचोळा वरच्या भुसभुशीत मातीसकट चाळायचा. खाली पडलेला चुरा जाळीच्या पिशवीत भरून ती पिशवी कापडी पिशवीत टांगायची आणि तळाला अल्कोहोलची वाटी लावायची. याला विंकलर म्हणतात. गावातला शिंपी नमुना दाखवला की शिवून देतो. पाचोळा वाळत जातो तशा मुंग्या बाहेर पडतात आणि वाटीत येतात. ४८ तास ठेवायचा. जगभर वापरली जाणारी पद्धत अशी की २०० मीटरच्या सरळ रेषेवर दर दहा मीटरला एक, असे वीस चौरस घ्यायचे आणि चालत्या मुंग्या आत पडाव्यात म्हणून तितकेच जमिनीत पुरलेले पेले. एकाच प्रजातीच्या मागे असाल तर एवढा पसारा नको, पण दोन रानांची तुलना करायची असेल तर हीच शिस्त पाळा.

मुसळधार पावसात विंकलर लावू नका. चिंब पाचोळा धड वाळत नाही आणि मुंग्या आत मरतात. दसरा-दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने सगळ्यात सोयीचे. पंखवाले नर आणि राण्या हव्या असतील तर वळवाच्या सरींपासून मृगापर्यंतच्या संध्याकाळी दिव्याखाली पांढरं कापड लावून बसा. तिथे वाळवीचे पंखवालेही झुंडीने येतील. वाळवीची शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, मण्यांच्या माळेसारखी सरळ असते आणि कंबर बारीक नसते, एवढ्यावरून ती वेगळी काढता येते.

पकडण्यासाठी तोंडाने ओढायची नळी बरेच जण वापरतात. मुंगळ्यांच्या जातभाईंवर ती वापरताना जपून. फॉर्मिक आम्ल श्वासात गेलं की घसा आणि छाती दोन्ही धरतात. माझ्या मते बारीक मुंगीसाठी अल्कोहोलमध्ये बुडवलेला चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश सगळ्यात उत्तम: टेकवा, मुंगी चिकटते, कुपीत बुडवा.

एका घरातल्या मुंग्या एकाच कुपीत. दोन घरांच्या मुंग्या चुकूनही एकत्र करायच्या नाहीत. निदान दहा-वीस कामकरी घ्या. त्यात लहान, मोठ्या, सगळ्या आकाराच्या हव्यात. राणी दिसली आणि परवानगीत बसत असेल तर एक. बाकी घर तसंच राहू द्या. बाह्यरूप बघायला ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं. डीएनएसाठी काही मुंग्या वेगळ्या कुपीत ९५ टक्क्यांत ठेवा.

चिठ्ठी

कुपीच्या बाहेर चिकटवलेलं लेबल अल्कोहोलने निघून जातं. चिठ्ठी कुपीच्या आत, चांगल्या कागदावर, पेन्सिलने, तिथेच रानात बसून लिहायची. तिच्यावर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि जागेचं नाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी गोळा केली, कशी केली हे सगळं हवं. त्याशिवाय नेमकं ठिकाण: 'ओढ्याकाठी कुजक्या लाकडात, सालीखाली'. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी रीत आहे, त्यामुळे ५/६ म्हणजे मे की जून हा घोळ होत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांवर नुसतं 'पूना' किंवा 'कॅनरा' लिहिलेलं आढळतं आणि आज त्या मुंगीचं मूळ रान शोधणाऱ्याच्या नाकीनऊ येतात.

टाचणीवर चढवणं

मुंगीला टाचणी टोचत नाहीत. जाड, आम्लमुक्त कागदाचे बारीक निमुळते त्रिकोण कापायचे, टाचणी रुंद टोकातून घालायची, निमुळत्या टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा अगदी छोटा थेंब लावायचा आणि मुंगीच्या मधल्या व मागच्या पायांच्या मुळाशी, खालून तो टेकवायचा. त्रिकोण मुंगीच्या उजव्या अंगाने आला पाहिजे, म्हणजे डावी बाजू फोटोला मोकळी राहते. डिंक कंबरेवर किंवा डोक्याखाली पसरला तर ओळखीच्या निम्म्या खुणा झाकल्या जातात. पाय खाली, जबडे शक्यतो उघडे. एका टाचणीवर एकाच घरातल्या तीनपर्यंत मुंग्या चालतात. बाकीच्या अल्कोहोलमध्येच राहू द्या.

वंशापर्यंत पोचणं

इथून काम रंगतं. कॉलेजातला वीसपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक मोठ्या डोंगळ्याला पुरेल. दोन-तीन मिलीमीटरच्या मुंगीला पन्नास ते ऐंशीपट मोठं दाखवणारा हवा आणि दोन्ही बाजूंनी मऊ, पसरट उजेड. थेट दिव्याच्या चमकेत अंगावरची नक्षी दिसतच नाही.

पहिला प्रश्न कंबरेचा. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ की दोन? दोन असतील तर बहुतेक वेळा मायर्मिसिनी हे उपकुल. दोन गाठी, सडपातळ लांबट अंग, मोठे डोळे आणि झाडाच्या खोडावर धावपळ असेल तर टेट्रापोनेरा. त्यातली तांबडी-काळी टेट्रापोनेरा रुफोनायग्रा एकदा चावली की ओळख पुन्हा पुसत नाही. डोळे अजिबात नाहीत आणि मुंग्या रांगेने शिकारीला निघाल्यात असं दिसलं तर एनिक्टस.

गाठ एकच असेल तर पोटाचं टोक बघा. तिथे केसांची गोल झालर असलेलं बारीक भोक दिसलं तर फॉर्मिसिनी: मुंगळे, पॉलिरॅकिस, पिवळी वेडी मुंगी वगैरे. केसांची झालर नाही आणि फट आडवी आहे, तर डोलिकोडेरिनी. नांगी आहे आणि पोटाच्या पहिल्या व दुसऱ्या खंडामध्ये आवळल्यासारखी खाच आहे, तर पोनेरिनी. डायाकामा, लेप्टोजेनिस या इथल्या शिकारी मुंग्या याच घराण्यातल्या.

मग शृंगिकेचे खंड मोजा. पहिला लांब दांडा धरून. हे कंटाळवाणं वाटतं, पण एवढा भरवशाचा आकडा दुसरा नाही. मायर्मिकेरियाला सात. ढालीसारखी पाठ आणि केसाळ अंग असलेल्या मेरॅनोप्लसला नऊ. घरात, शेतात सापडणाऱ्या अग्निमुंगीला, म्हणजे सोलेनॉप्सिसला दहा आणि शेवटचे दोन फुगलेले. क्रेमॅटोगॅस्टरला बहुधा अकरा, शिवाय तिची कंबर पोटाच्या वरच्या अंगाला जोडलेली असते, म्हणून ती बदामी आकाराचं पोट डोक्यावरून पुढे आणू शकते. फायडोलीला बारा आणि शेवटच्या तीन खंडांची गदा. लांब शृंगिकांच्या दोन सैरावैरा धावणाऱ्या मुंग्यांत नेहमी गोंधळ होतो: अ‍ॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपिसला (हीच पिवळी वेडी मुंगी) अकरा, पॅराट्रेकिना लाँगिकॉर्निसला बारा. मोजलं की वाद मिटला.

यानंतर टेट्रामोरियम, मोनोमोरियम, कॅरेबारा यांना वेगळं करणाऱ्या खुणा बघायच्या. क्लिपिअस, म्हणजे जबड्यांच्या वरची पट्टी, शृंगिकेच्या खोबणीपुढे कडेसारखी उचललेली आहे का? तसं असेल तर टेट्रामोरियम. प्रोपोडियमवर, म्हणजे धडाच्या मागच्या टोकावर, काटे आहेत की ते गुळगुळीत उतरतं? जबड्याला दात किती? प्रत्येक उत्तर वहीत लिहा, सोबत वेडंवाकडं का होईना चित्र काढा. चित्र काढताना डोळा जिथे अडतो तिथेच बहुतेक वेळा खूण सापडते.

प्रजाती: इथेच बहुतेक नव्या मुंग्या जुन्या ठरतात

१८९०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले रॉबर्ट चार्ल्स रॉटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेलकडे पाठवत. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण नावं ठेवली मुंग्यांची, आणि ती शेकड्यांनी. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी मुंग्यांचं मूळ वर्णन फ्रेंचमध्ये आहे आणि मूळ नमुने जिनिव्हात. १९०३ साली बिंगहॅमने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर जो ग्रंथ लिहिला, तो आजही हाताशी हवा, पण त्यातली नावं तशीच उचलू नका. त्यातली अ‍ॅकॅन्थोलेपिस आज लेपिसिओटा झाली, ट्रिग्लिफोथ्रिक्स टेट्रामोरियममध्ये विलीन झाली, प्लॅजिओलेपिस लाँगिपिस म्हणजे आजची पिवळी वेडी मुंगी. इंटरनेटवर दोन संकेतस्थळं आहेत: नावाचा आजचा पत्ता अ‍ॅंटकॅटवर मिळतो आणि मूळ नमुन्यांचे फोटो अ‍ॅंटवेबवर. तुमच्या वंशाच्या भारतातल्या, श्रीलंकेतल्या आणि शेजारच्या सगळ्या नावांची यादी करून एकेक खोडत जायचं. गेल्या काही दशकांत त्या वंशाचा फेरआढावा झाला असेल तर आधी तो वाचा, बिंगहॅम नंतर.

फसवणूक कुठे होते? पहिली जागा फायडोली. एकाच घरात दोन तऱ्हेच्या कामकरी असतात: लहान डोक्याच्या आणि भल्यामोठ्या डोक्याच्या. वेगवेगळ्या उचलल्या तर दोन प्रजाती वाटतात. खारी किंवा बिस्किटाचा चुरा टाकला की आधी लहान येतात, मोठ्या मागाहून. म्हणून पाच मिनिटांत कुपी बंद करणाऱ्याकडे नेहमी अर्धीच मुंगी असते. मुंगळ्यांत, म्हणजे कॅम्पोनोटसमध्ये, आकार लहानापासून मोठ्यापर्यंत सलग बदलत जातो आणि त्याबरोबर डोक्याचं प्रमाणही बदलतं.

दुसरी फसवणूक रंगाची. कोषातून नुकती बाहेर आलेली मुंगी फिकट असते, अल्कोहोलमध्ये वर्षभर राहिलेलीही फिकी पडते. रंग शेवटी बघायचा. तिसरी, नर आणि राणी. पूर्वी त्यांना स्वतंत्र नावं दिली गेली आणि पुढे ती त्याच प्रजातीची निघाली. म्हणून एका घरातली अख्खी मालिका हवी, हा आग्रह. मोहात पाडणारी एकटी मुंगी शंभरदा सापडेल, पण तिच्यावर नवी प्रजाती उभी करू नये असं माझं ठाम मत आहे. पाचोळ्यातले काही वंश एकेकटेच मिळतात, तिथे नाइलाज असतो. तरीही दुसऱ्या हंगामात तीच जागा पुन्हा चाळायला काय हरकत आहे?

मोजमाप

डोळ्याच्या भिंगात बसवलेली मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे काचेवर कोरलेल्या प्रमाण मापावर, जुळवून घ्या, प्रत्येक वर्धनाला वेगळी. डोकं अगदी समोरून बघायचं. किंचित कललं तरी लांबी कमी भरते. डोक्याची लांबी (जबडे सोडून), डोक्याची रुंदी (डोळे सोडून), शृंगिकेच्या दांड्याची लांबी, डोळ्याचा व्यास, धडाची तिरकी लांबी, कंबरेच्या गाठीची लांबी-रुंदी-उंची. मग गुणोत्तरं: डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, दांड्याची लांबी भागिले डोक्याची रुंदी गुणिले शंभर. निरनिराळ्या घरांतल्या मिळून दहाएक मुंग्या मोजा आणि आकडे किमान ते कमाल असे द्या. सरासरी एकटी देऊ नका, पुढच्या माणसाला त्याची मुंगी त्या पल्ल्यात बसते का हेच बघायचं असतं.

फोटो तीन हवेत: डोकं समोरून, अंग बाजूने, अंग वरून. वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून काढलेले फोटो संगणकावर एकत्र केले की सगळं अंग स्पष्ट येतं. मोजपट्टी फोटोत हवीच.

वर्णन

वर्णनाचा गाभा म्हणजे तुलना. 'डोकं चौकोनी, अंग तपकिरी' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सगळ्यात जवळच्या दोन-तीन प्रजाती नावानिशी घ्या आणि प्रत्येकीपासून ही वेगळी कशात ते लिहा: तिच्यात काटे दांड्याच्या रुंदीपेक्षा लांब, हिच्यात आखूड बोथट, तिच्या डोक्यावर आडव्या रेघा, हिच्यात जाळी. या खुणा मोजता किंवा दाखवता येण्याजोग्या हव्यात. निदान दोन खुणा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात आणि सगळ्या घरांतल्या मुंग्यांत त्या टिकल्या पाहिजेत. नुसता लहानमोठेपणा ही खूण धरू नका.

त्यानंतरचं लांब वर्णन ठरलेल्या क्रमाने जातं: डोकं, धड, कंबर, पोट, नक्षी, केस, रंग. वाक्यं तुटक, क्रियापदं कमी. मग राहणी: कुठल्या झाडाखाली, कुठल्या उंचीवर, घर कसं, सोबत दुसरं कोण. हा भाग लोक दोन ओळींत गुंडाळतात. इथे हात आखडू नका, कारण सूक्ष्मदर्शक जिनिव्हातही आहे, पण कोयनेचा ओढा तिथे नाही.

नाव आणि मूळ नमुना

प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम पाळावे लागतात. १९९९ नंतरच्या नावासाठी मूळ नमुना, म्हणजे सहसा होलोटाइप, नेमून दाखवावाच लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगावं लागतं. नियतकालिक केवळ ऑनलाइन निघत असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणीही लागते. होलोटाइप एकच मुंगी, सोबतच्या बाकी पॅराटाइप. भारताच्या जैवविविधता कायद्यानुसार (२००२) नव्या प्राण्याची माहिती आणि नमुने अधिकृत भांडारात जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं मुख्य, त्याचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे धाडण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम नीट वाचा.

नाव लॅटिन व्याकरणात बसायला हवं. स्थळावरून ठेवायचं तर '-एन्सिस' लावतात. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका भेकाला १९६३ मध्ये 'कोयनायेन्सिस' हे नाव मिळालंच आहे. विशेषणाचं लिंग वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: कॅम्पोनोटस पुल्लिंगी, क्रेमॅटोगॅस्टर स्त्रीलिंगी. स्वतःचं नाव मुंगीला देऊ नये, तसं सहसा कुणी करत नाही.

मजकूर पाठवण्यापूर्वी त्या वंशावर काम करणाऱ्या माणसाला नमुना दाखवा. संपादक तो शेवटी त्याच्याकडेच पाठवणार असतो.

जुनीच निघाली तर

बहुतेक वेळा हेच होणार. त्यातही लिहिण्याजोगं असतं. केरळ किंवा कर्नाटकातून माहीत असलेली प्रजाती सातारा जिल्ह्यात पहिल्यांदा मिळाली, तर नकाशा आणि नमुना क्रमांकासह छोटी नोंद करा. जिचे फक्त कामकरीच ठाऊक होते तिची राणी सापडली, तर तिचं वर्णन छापायला योग्य आहे, आणि ते करणारे लोक फार थोडे आहेत. फोटो आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पण दुर्मीळ मुंगीचं नेमकं ठिकाण झाकून. टाचणीवरची मुंगी घरच्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी येते, आणि बुरशीतून वाचली तर पेटीतले बारीक किडे तिचा भुगा करतात. कॉलेजच्या किंवा सर्वेक्षणाच्या संग्रहात, चिठ्ठीसकट, ती जमा करून टाका.